मद्रासचे पंडित अयोत्तीदास : नागपूरच्या आधी अठ्ठावन्न वर्षे



दीक्षा घेऊन घरी परतल्यावर पहिले काही महिने कसे जातात, हे तुम्हांला मी सांगायला नको. देव्हारा रिकामा होतो. भिंतीवर तथागतांची आणि बाबासाहेबांची तसबीर येते. मुले त्रिशरण-पंचशील पाठ करतात. मग एखाद्या दिवशी पारावर, नाहीतर गिरणीत दळणाच्या रांगेत कोणीतरी सहज विचारल्यासारखे विचारतो, की कालपर्यंत तुम्ही कोण होता, आणि एका दिवसात असे काय बदलले? प्रश्न साधा दिसतो, पण त्यातली खोच तुम्हांला बरोबर कळते. विचारणाऱ्याला म्हणायचे असते, की तुमचा धर्म उसना आहे; मूळचे तुम्ही आमच्या गावकुसाबाहेरचेच.

हाच प्रश्न पुढ्यात घेऊन मद्रासच्या एका वैद्याने आपले उभे आयुष्य घालवले. त्यांचे नाव पंडित अयोत्तीदास. बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षा घेतली आणि दिली, त्याच्या अठ्ठावन्न वर्षे आधी, म्हणजे १८९८ साली, हे गृहस्थ सिंहलद्वीपाला जाऊन पंचशील घेऊन आले. आपल्याकडे त्यांचे नाव फारसे कोणी घेत नाही. मी स्वतः पदवीधर होईपर्यंत ते ऐकले नव्हते. म्हणून आज त्यांची ओळख करून देतो.

अयोत्तीदासांचा जन्म २० मे १८४५ रोजी मद्रास इलाख्यात एका परैयर कुटुंबात झाला. परैयर ही तमिळ मुलखातील मोठी अस्पृश्य जात. तिची माणसे शेतावर राबत, मेलेली जनावरे ओढत, आणि गावच्या कार्यात ‘परै’ नावाचा ढोल वाजवीत. त्या ढोलावरून जातीला नाव पडले, असे म्हणतात. पुढे युरोपियनांनी तोच शब्द आपल्या भाषेत नेला आणि समाजाने वाळीत टाकलेल्या कोणत्याही माणसाला ते ‘पारिया’ म्हणू लागले. आजही इंग्रजी शब्दकोशात हा शब्द त्याच अर्थाने सापडतो. एका समाजाचे नाव जगाच्या कोशात शिवी होऊन बसावे, यावरून त्या समाजाची अवस्था काय असेल ती ताडावी.

पण या घराची एक गोष्ट निराळी होती. अयोत्तीदासांचे आजोबा कंदप्पन हे हॅरिंग्टन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याच्या घरी बटलर होते. त्यांच्या घरात पिढीजात जपलेल्या ताडपत्राच्या पोथ्या होत्या आणि त्यांत ‘तिरुक्कुरळ’ होता. हा तमिळ भाषेतला सर्वांत आदराचा नीतिग्रंथ. आपल्या साहेबामार्फत आजोबांनी ती पोथी एलिस या विद्वान इंग्रज अधिकाऱ्याकडे पोहोचवली, असे अयोत्तीदासांनी पुढे लिहून ठेवले आहे. तिरुक्कुरळ प्रथम छापला गेला तो १८१२ साली, एलिसच्याच काळात. ज्याची सावली अंगावर पडली तर लोक आंघोळ करीत, त्याच्या घरात भाषेचा सर्वांत मोठा ठेवा सुखरूप राहिला होता. लहानपणी ऐकलेली ही गोष्ट अयोत्तीदासांच्या मनात खोल बसली. पोथ्या ज्यांच्या घरी आहेत ते लोक अडाणी आणि हीन कसे असतील, हा विचार त्यांना पुढे दूरवर घेऊन गेला.

आईवडिलांनी ठेवलेले त्यांचे नाव कात्तवरायन्. ज्या गुरूंपाशी ते तमिळ, संस्कृत, पाली आणि सिद्ध वैद्यक शिकले, त्यांचे नाव अयोत्तीदास. शिष्याने आदराने तेच नाव धारण केले. या नावात अयोध्या आहे, हे तुमच्या लक्षात आले असेल. बौद्ध झाल्यावरही त्यांनी ते टाकले नाही. दीक्षेनंतर जुनी नावे बदलावीत का, असे मला कित्येक जण विचारतात, म्हणून हे मुद्दाम सांगितले. त्यांनी गुरूचा मान राखला आणि बाकीचे सगळे बदलले.

त्यांचे तरुणपण निलगिरीच्या डोंगराळ भागात गेले. तेव्हा ते वेदान्ती होते. १८७० च्या दशकात त्यांनी तेथे अद्वैतानंद सभा काढली. ब्रह्म एकच आहे आणि सगळ्यांत तेच आहे असे मानणारे तत्त्वज्ञान आपल्या माणसांना बरोबरीची जागा देईल, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. आपल्यापैकीही पुष्कळांनी वारकरी पंथात, कबीरपंथात अशीच आशा धरली होती. आशा धरणाऱ्याला हसू नये. ती कोठे मोडली ते पाहावे.

१८८१ च्या जनगणनेच्या वेळी आपल्या लोकांची नोंद जातीच्या नावाने न करता मूळचे तमिळ अशी करावी, अशी मागणी त्यांनी सरकारकडे केली. १८८५ मध्ये रेव्हरंड जॉन रत्नम् यांच्याबरोबर त्यांनी ‘द्राविड पांडियन’ हे पत्र काढले. १८९१ साली निलगिरीत द्राविड महाजन सभा भरवली. तिच्या मागण्या वाचल्या तर त्या काळचे सगळे जिणे डोळ्यांपुढे उभे राहते. परैयर म्हणून हिणवणाऱ्यास शिक्षा व्हावी. मुलांना शाळा आणि शिष्यवृत्त्या मिळाव्यात. शिकलेल्यांना नोकरी मिळावी. सार्वजनिक विहिरी-तळ्यांवर पाणी भरता यावे. कचेरीत आणि कोर्टात आत जाऊन बसता यावे. तुरुंगाच्या नियमांत परैयर कैद्यांकडून भंगीकाम करून घेण्याचे जे कलम होते, ते रद्द व्हावे. म्हणजे चोर म्हणून तुरुंगात गेलात तरी तेथे तुमची जात तुमच्या आधी पोहोचलेली असे! हे ठराव काँग्रेसकडेही पाठवले गेले. त्यांचे काही झाले नाही.

आता १८९२ सालची गोष्ट सांगतो. मला विचाराल तर या चरित्राची खरी कलाटणी येथे आहे.

मद्रासमध्ये महाजन सभेची परिषद भरली होती. सभेत वकील, जमीनदार, पंडित, शहरातील सगळे प्रतिष्ठित. निलगिरीच्या लोकांचे प्रतिनिधी म्हणून अयोत्तीदास तेथे उभे राहिले आणि त्यांनी विचारले, की आम्ही हिंदू आहोत असे तुम्ही म्हणता, तर विष्णूच्या आणि शिवाच्या देवळात आम्हांला जाऊ द्याल काय? सभेत गोंधळ उडाला. तंजावरकडचे एक शास्त्री उठले आणि म्हणाले, की तुमच्या लोकांसाठी मदुरैवीरन, काट्टेरी वगैरे तुमची दैवते आहेतच. शिव आणि विष्णू तुमच्यासाठी नव्हेत. आपल्याकडच्या म्हसोबा-मरीआईप्रमाणे ही तिकडची वेशीबाहेरची दैवते. आणि पाहा, कात्तवरायन् हे अयोत्तीदासांचे पाळण्यातले नावही अशाच एका लोकदैवताचे आहे. शास्त्रीबुवांना ते ठाऊक असण्याचे कारण नाही. पण ज्याला ऐकवले, त्याला ते नक्कीच टोचले असेल.

अयोत्तीदासांनी तेथे वाद वाढवला नाही. तसे असेल तर तुमचे देव आम्हांला नकोत, असे सांगून ते खऱ्या कामावर आले. आमच्या मुलांना चौथीपर्यंत फी न घेता शिकवा आणि पडीक जमीन आमच्या लोकांना कसायला द्या, हे त्यांनी मागितले. हा ठराव मात्र सभेने संमत केला. देव न देता शाळा देणे सभेला सोपे वाटले असावे. बाबासाहेबांनी काळारामाच्या दाराशी जे १९३० ते १९३५ या वर्षांत अनुभवले आणि येवल्यात जाहीर केले, त्याचे एक टोक मला या सभेत दिसते. दोघांची भेट होणे शक्यच नव्हते. अयोत्तीदास वारले तेव्हा बाबासाहेब अवघे तेवीस वर्षांचे होते. बंद दार मात्र दोघांना एकच भेटले.

त्यानंतरची पाच-सहा वर्षे अयोत्तीदास जुन्या पोथ्यांत बुडाले. ताडपत्रे, निघंटू, तमिळ काव्ये, लोकांच्या तोंडच्या कथा, सगळे त्यांनी धुंडाळले. त्यातून त्यांच्या मनाने एक निष्कर्ष घेतला. आपले पूर्वज बौद्ध होते. त्यांनी वर्णव्यवस्था मानली नाही, म्हणून त्यांना गावाबाहेर काढले गेले. आपण हीन म्हणून बाहेर नाही. आपण नमलो नाही म्हणून बाहेर आहोत. योगायोग असा, की ‘मणिमेखलै’ हे तमिळमधील थोर बौद्ध महाकाव्य स्वामीनाथ अय्यरांनी संपादून छापले ते १८९८ सालीच. तमिळ भूमी एकेकाळी बौद्ध होती हे आता कोणालाही उघडून वाचता येणार होते.

त्याच वर्षी ते आपल्या सहकाऱ्यांसह कर्नल ऑल्कॉट यांना भेटले. ऑल्कॉट हे अमेरिकन गृहस्थ, थिऑसॉफिकल सोसायटीचे अध्यक्ष. १८८० मध्ये त्यांनी सिंहलद्वीपात जाहीरपणे पंचशील घेतले होते, आणि १८९४ पासून मद्रासच्या अड्यार भागात अस्पृश्य मुलांसाठी ते मोफत शाळा चालवीत होते. आम्हांला आमच्या मूळ धर्मात परत जायचे आहे, असे या मंडळींनी त्यांना सांगितले. ऑल्कॉट त्यांना कोलंबोला घेऊन गेले. तेथे मळिगकंद येथील विद्योदय परिवेणात महास्थविर सुमंगल यांच्याकडून अयोत्तीदासांनी पंचशील घेतले. मद्रासला परत येताच रायपेट्टा भागात त्यांनी शाक्य बौद्ध संघ स्थापन केला.

वाचकहो, येथून पुढचा भाग सावकाश वाचा, कारण तो आपल्या कामाचा आहे. पंचशील घ्यायला एक सकाळ पुरते. पण घरात मूल जन्मले, मुलीचे लग्न ठरले, म्हातारे माणूस गेले, सण आला, की जुने सगळे पुन्हा दार ठोठावते. अयोत्तीदासांनी हे ओळखले होते. संघाच्या जागेत आठवड्याला प्रवचने होत. लग्ने आणि अंत्यविधी बौद्ध रीतीने लावून देण्याची सोय झाली. त्यांचा दवाखानाही याच कामाला जोडलेला होता. औषध घ्यायला आलेला माणूस नाडी दाखवता दाखवता धम्माची चार वाक्ये ऐकून जाई.

पण त्यांचे मोठे काम म्हणजे त्यांचे साप्ताहिक. १९ जून १९०७, बुधवार, या दिवशी त्याचा पहिला अंक निघाला. पाने चार, किंमत एक पैसा, आणि नावच ‘ओरु पैसा तमिळन्’, म्हणजे एक पैशाचा तमिळ माणूस. पुढल्या वर्षी नाव नुसते ‘तमिळन्’ झाले. याच सुमारास, १९०८ मध्ये, पुण्याला शिवराम जानबा कांबळे यांनी ‘सोमवंशीय मित्र’ सुरू केले, हे येथे आठवते. अंक वाचणारे कोण होते? कोलारच्या सोन्याच्या खाणीत जमिनीखाली उतरणारे मजूर, बंगलोर, हुबळी आणि सिकंदराबादची नोकरदार मंडळी, रंगूनला आणि दक्षिण आफ्रिकेत पोटासाठी गेलेली माणसे. यांपैकी बऱ्याच ठिकाणी संघाच्या शाखा निघाल्या. कोलारची शाखा सर्वांत जोमदार ठरली. खाणमालकाची मजुरी घेऊन वर आलेला माणूस चाळीत दिव्याजवळ बसून बुद्धाचे चरित्र वाचतो आणि चार अक्षरशून्य सोबती ऐकतात, हे चित्र मला फार मोलाचे वाटते. आपल्याकडे ‘मूकनायक’ आणि ‘बहिष्कृत भारत’ असेच वाचले गेले.

या अंकांतून त्यांनी बुद्धाचे चरित्र क्रमशः लिहिले. ते पुढे ‘आदि वेदम्’ या नावाने पुस्तकरूपाने निघाले. ‘इंदिरर् देश चरित्रम्’ हा त्यांचा इतिहासही असाच लिहिला गेला. पंचेंद्रिये जिंकणारा तो इंदिरर्, म्हणजे बुद्ध, आणि त्याचा देश तो इंडिया, अशी त्यांची मांडणी. ब्राह्मण हा शब्द शीलवंतासाठी होता, पण पुढे वेषधारी ब्राह्मणांनी तो बळकावला, असे ते सांगत. सणांचेही त्यांनी नवे अर्थ लावले. दिवाळीला ते कोणा राक्षसाच्या वधाचा दिवस मानीत नसत. तिळाच्या तेलाचा शोध लागला आणि बुद्धाच्या अनुयायांनी तो लोकांना दिला, त्या आनंदाचा तो दिवस, असे त्यांनी लिहिले.

यातले सगळे आज इतिहास म्हणून टिकणार नाही, हे मी तुमच्यापासून लपवीत नाही. त्यांच्या शब्दांच्या व्युत्पत्ती भाषाशास्त्रज्ञ मान्य करीत नाहीत. पण त्यांचा गाभा पाहा. अस्पृश्य हे एकेकाळचे बौद्ध होते आणि धम्म न सोडल्याची शिक्षा म्हणून ते अस्पृश्य ठरले, हा विचार बाबासाहेबांनी १९४८ साली ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथात आपल्या स्वतंत्र अभ्यासाने आणि कितीतरी काटेकोर पद्धतीने मांडला. दोघे दोन वाटांनी एकाच जागी आले.

राजकारणातही पंडितजी स्पष्ट होते. १९०५ नंतर स्वदेशीची चळवळ जोरात होती. ज्यांना गावच्या विहिरीचे पाणी मिळत नाही त्यांचा स्वदेश कोणता, असे विचारायला ते कचरले नाहीत. त्यांचे मेहुणे रेट्टमलै श्रीनिवासन् यांच्याशी मात्र त्यांचे पटले नाही. श्रीनिवासन् यांनी १८९३ मध्ये काढलेल्या पत्राचे नावच ‘परैयन्’ ठेवले. ज्या नावाने हिणवतात तेच ताठ मानेने मिरवू, ही त्यांची भूमिका. अयोत्तीदासांना ते नावच पुसायचे होते. हेच श्रीनिवासन् पुढे गोलमेज परिषदेत बाबासाहेबांच्या शेजारी बसले. दोघांपैकी बरोबर कोण, हा वाद अजून आपल्या वस्त्यांत चालू आहे; मी अयोत्तीदासांच्या बाजूचा आहे.

एका बाबतीत मात्र मी त्यांच्या बाजूचा नाही. परैयर हे मुळात हीन नाहीत, त्यांना हीन ठरवले गेले, हे सांगताना त्यांनी काही जातींना वेगळे काढले. भंगीकाम करणारे तोट्टी, चामड्याचे काम करणारे चक्किलियर, डोंगरातले कुरवर यांना ते आपल्या बरोबरीचे धरीत नसत. त्यांचे हीनपण खरेच असल्यासारखे त्यांनी लिहिले. ज्या धम्मात उपाली न्हावी आणि सुनीत भंगी भिक्षू झाले, त्या धम्माच्या उपासकाने हे लिहावे याचे दुःख होते. मोठ्या माणसाचा दोष झाकून त्याचे चरित्र सांगणे मला योग्य वाटत नाही. शिवाय आपल्याकडे तरी काय आहे? विहारात एका सतरंजीवर बसतो, आणि सोयरीक जुळवताना हळूच पोटजात विचारतो. गेल्या काही वर्षांत मातंग, चर्मकार, भटक्या जमातींतील कुटुंबे दीक्षा घेऊन आपल्यात आली आहेत. यांतले अनेक जण हा अंक वाचत असतील. त्यांना विहारात किती आपलेपणा मिळाला, हे त्यांनीच सांगावे.

नोंदीचा विषय पंडितजींनी शेवटपर्यंत सोडला नाही. १९११ ची जनगणना आली तेव्हा आपला धर्म बौद्ध असाच लिहवून घ्या, असे ते अंकामागून अंकात बजावत राहिले. हे वाचताना मला शाळेचे रजिस्टर आठवते. मी मास्तर आहे. दर जूनमध्ये दाखल होणाऱ्या मुलांचे जात-धर्माचे रकाने माझ्या हातून भरले जातात. दीक्षा घेतलेला बाप त्या रकान्याशी येऊन घुटमळतो. सवलत जाईल या भीतीने तो जुनेच लिहा म्हणतो. एकेकाळी त्या भीतीत तथ्य होते. बौद्ध झालेल्यांना केंद्राच्या सवलती नाकारल्या जात होत्या. १९९० साली त्या नियमात दुरुस्ती झाली आणि अनुसूचित जातींतून आलेल्या बौद्धांचा हक्क मान्य झाला. भीती मात्र रकान्यात तशीच राहिली आहे.

मद्रासच्या बौद्धांत प्राध्यापक लक्ष्मी नरसू हेही होते. ते विज्ञानाचे शिक्षक आणि कडक बुद्धिवादी. पोथ्या-पुराणांतून धम्म उभा करण्याची अयोत्तीदासांची रीत त्यांना मानवणारी नव्हती, आणि दोघांत मतभेद झाले. पण नरसूंचे ‘द इसेन्स ऑफ बुद्धिझम’ हे इंग्रजी पुस्तक ‘तमिळन्’च्याच वर्षी, १९०७ मध्ये निघाले, आणि १९४८ साली बाबासाहेबांनी ते स्वतःच्या प्रस्तावनेसह पुन्हा छापवले. नागपूरच्या दीक्षाभूमीशी मद्रासच्या त्या छोट्या मंडळीचा जोडलेला हा एक पक्का धागा.

५ मे १९१४ रोजी अयोत्तीदासांचे निधन झाले. काही काळ अंक चालला, मग बंद पडला. पुढे कोलारच्या मंडळींनी तो पुन्हा काढला आणि पंडितजींची पुस्तकेही छापली. पण मद्रास इलाख्यात वारे बदलले होते. १९२२ मध्ये सरकारदरबारी परैयर वगैरे नावांऐवजी आदि-द्राविड हे नाव आले. ‘आदि’, म्हणजे आपण मूळचे, हा अयोत्तीदासांचाच विचार. पण त्यातला बुद्ध गळून पडला होता. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात बौद्ध ६५ लाखांहून अधिक आहेत. तमिळनाडूत ते अकरा हजारांच्या आसपास आहेत. एवढ्या आधी सुरुवात होऊनही असे का झाले, याची चर्चा तुम्ही आपल्या विहारात अवश्य करा. माझ्या मते मुख्य कारण हे, की त्यांची चळवळ शहरांत, खाणींत आणि परदेशांत पसरली, पण खेड्यातल्या शेतमजुरापर्यंत तिचा पैशाचा अंक पोहोचला नाही.

कोलारच्या खाणी २००१ साली बंद झाल्या. त्याच्या आधी दोन वर्षे, १९९९ मध्ये, अयोत्तीदासांच्या लेखांचे खंड प्राध्यापक अलॉयसियस यांच्या संपादनाखाली तमिळमध्ये प्रसिद्ध होऊ लागले. ‘तमिळन्’चे जुने अंक बौद्ध कुटुंबांनी आणि काही अभ्यासकांनी ऐंशी-पंचाऐंशी वर्षे जपून ठेवले होते, त्यांतूनच हे खंड उभे राहिले.